आईचे चार दिवस

पडद्यावरची म्हातारी डावा पाय जरा बाहेर टाकत जिना चढत होती. ही खोड शलाकाचीच. शाळेत खो-खो खेळताना गुडघा निखळला होता, तेव्हापासूनची. पडद्यावरच्या बाईनं ती एक्क्याऐंशीव्या वर्षापर्यंत जपून ठेवली होती.

“ही मी?” शलाकानं विचारलं.

“तुम्ही नाही, तुमची जुळी,” डॉ. तबस्सुम मुल्ला म्हणाल्या. “मजेत आहे की नाही? हाडं शाबूत, डोकं ताळ्यावर.”

“डोकं ताळ्यावर? मग माझी नसेल ती.”

शास्त्रीय निबंधांत या प्रकाराला ‘छायादेह’ म्हणत. दवाखान्याबाहेर तो शब्द कुणी वापरत नसे; साताऱ्यात सगळे जुळीच म्हणत. माणसाचं रक्त, गुणसूत्रं, झोपेची तऱ्हा, चालण्याची ढब असं सगळं संगणकात भरायचं आणि त्यातून उभा राहिलेला देह पुढच्या वर्षांतून चालवत न्यायचा. एकदा औषध देऊन, एकदा न देता. भविष्य सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वानवा नव्हती. फरक इतकाच, की जुळी चुकली तर का चुकली हे शोधून काढता येत असे.

दहा वर्षांपूर्वी, एक्केचाळिसाव्या वर्षी, शलाका गुरवचं गर्भाशय काढावं लागलं. अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा तो रोग फार पसरलेला असल्यामुळे त्याबरोबर दोन्ही बीजकोशही गेले. नुसतं गर्भाशय गेलं तर पाळी थांबते, एवढंच. बीजकोश गेले की इस्ट्रोजेनचा कारखानाच बंद पडतो. इतर बायका पाच-सहा वर्षांत जिना उतरत जिथे पोचतात, तिथे शलाका माडीवरून उडी टाकल्यासारखी एका दुपारीत पोचली. हाडं, हृदय, झोप, आठवण, साऱ्यांना त्या संप्रेरकाची सवय असते. म्हणून तिच्या दंडात कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक कुपी बसवली होती. ती रक्त वाचायची आणि लागेल तेवढं इस्ट्रोजेन सोडायची. त्या कुपीचं आयुष्य दहा वर्षांचं. ते आता सरत आलं होतं.

नवी बसवायची, की हळूहळू बंद करायचं? प्रश्न एवढाच होता, आणि त्यानं शलाकाची झोप कुपी असूनही उडवली होती.

“आमचा साधा आडाखा सांगते,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमचे बीजकोश जागेवर असते तर ते कधीतरी आपोआप थांबलेच असते. त्या वयापर्यंत आम्ही जे देतो ती नुसती भरपाई. जे तुमचं होतं तेच तुम्हाला परत. त्यानंतर दिलं तर ते वरचं. वरचं म्हणजे वाईटच असं नाही, पण त्याचे फायदे-तोटे बाईगणिक वेगळे. कुणाच्या हाडांना ते हवं असतं, कुणाच्या रक्तात गुठळी व्हायची भीती वाढते. तुम्हाला अर्धशिशी आहे आणि गुणसूत्रांत गुठळीकडे थोडा कल आहे, म्हणून ते वय नेमकं कळायला हवं.”

“आणि ते कसं कळतं?”

“अर्धं गुणसूत्रांवरून, अर्धं तुमच्या आईवरून. बहुतेक लेकी आईच्याच आसपास थांबतात. तुम्ही आईंचं वय चोपन्न सांगितलंय, त्यावरून जुळी म्हणते अजून तीन वर्षं तरी भरपाईचीच आहेत. नवी कुपी बसवायला हरकत नाही. फक्त आईंना एकदा घेऊन या. नवीन यंत्र आलंय, त्यांची तपासणी जोडली की गणित पक्कं होईल.”

शलाकाला हायसं वाटलं. कारण तिला नवी कुपीच हवी होती.

ती खो-खोची पंच होती, राज्य पातळीवरची. मैदानाभोवती कितीही कॅमेरे लावले तरी एक गोष्ट अजून माणसालाच पाहावी लागे: खो आधी उच्चारला, की हात आधी लागला. पापणी लवायच्या आत ते ठरवायचं आणि शिट्टी मारायची. त्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर कुपी मंजूर होईपर्यंत तीन महिने गेले होते, आणि त्याच काळात मुलींचा अंतिम सामना आला. शलाकानं नियमभंग बरोबर पाहिला, शिट्टीही मारली. पण कुणाचं काय चुकलं ते सांगायला तोंड उघडलं तर शब्दच सापडेना. अंगातून आगीचे लोळ निघत होते. विचारायला आलेल्या कर्णधार पोरीवर ती वसकन ओरडली, आणि पाठोपाठ भर मैदानात रडायला लागली. पंचांच्या यादीतून तिचं नाव दोन वर्षं गायब झालं. पंचांच्या खोलीत ती शिरली की बोलणं थांबे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. कुपी काढायचा विषय निघाला की शलाका तो लगेच बदलून टाकी.

नवऱ्याचंही मत तेच होतं. नंदनची साताऱ्याबाहेर रोपवाटिका होती, आणि चांगलं फुलत असलेलं झाड हलवू नये हे त्याचं जगण्याचं सूत्र होतं.

“बसवून टाक नवी,” तो म्हणाला. “दहा वर्षं घर कसं शांत आहे.”

“घर शांत आहे म्हणजे? आधी काय मारामाऱ्या चालायच्या?”

नंदनची नजर हातातल्या फोनवर गेली. कुपीची पातळी त्याच्या फोनवर दिसत असे. सुरुवातीला शलाकानंच ती सोय करून घेतली होती, स्वतःचा भरवसा वाटत नव्हता म्हणून. पुढे ती सवय होऊन बसली. शलाका भावकीतल्या कुणाबद्दल बोलली, गळक्या टाकीवरून करवादली, की नंदन आधी फोन बघायचा आणि मग ठरवायचा की हे बोलणं मनावर घ्यायचं की नाही.

“पातळी ठीक आहे,” तो म्हणाला.

“मग मी खरंच चिडलेय,” शलाका म्हणाली.

तो हसला. तीही हसली, पण ते हसू तिला पुरतं पचलं नाही.

*

मालनबाई, म्हणजे शलाकाची आई, नवरा गेल्यापासून लेकीकडे राहत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. वाईजवळच्या एका खेड्यात त्यांचं सासर. घराकडे देवीची पूजा आणि रोजचा नैवेद्य. दवाखान्यात जायचं म्हणून त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि जुळीला कुणी वेगळी साडी नेसवतं का, अशी चौकशी रिक्षात दोनदा केली होती.

नव्या यंत्रात त्यांनी टाच ठेवली. यंत्र हाडाचे थर वाचणारं होतं. हाड सतत मोडतं आणि पुन्हा बांधलं जातं. इस्ट्रोजेन गेलं की मोडणं वाढतं आणि बांधणारे हात कमी पडतात. ते कधी सुरू झालं याची खूण आत राहून जाते.

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, चष्मा सारखा केला, पुन्हा पाहिलं.

“काही वाईट आहे का?” शलाकानं विचारलं.

“वाईट नाही. जुळत नाहीये. हाड म्हणतंय इस्ट्रोजेन फार आधी गेलं. आजी, तुमची पाळी कितव्या वर्षी गेली?”

“चोपन्नाव्या,” शलाका म्हणाली. “मला पक्कं आठवतंय, तोवर ती बाजूला बसत होती.”

“आजींना सांगू द्या.”

मालनबाईंनी टाच यंत्रातून काढली, पदर नीट केला. “कुणाच्या हिशेबानं विचारताय, डॉक्टर? घराच्या, का माझ्या?”

“दोन हिशेब आहेत?”

“आहेत की. घराच्या हिशेबानं चोपन्न. माझ्या हिशेबानं पंचेचाळिसावं सरायच्या आत गेली.”

डॉक्टरांनी शलाकाकडे पाहिलं, शलाकानं आईकडे. मालनबाईंना त्याचं नवल वाटलं.

“त्यात एवढं काय? आमच्या घरी कावळा शिवला की चार दिवस मागच्या खोलीत बसायचं. चुलीला हात नाही, देवाला हात नाही, पाण्याला हात नाही. नवी नवरी होते तेव्हा रडायचे. मग कळलं, महिन्यातनं निवांत बसायला मिळतं ते तेवढंच. सासूबाई आणि जाऊबाई राबायच्या, मला ताट सरकवून द्यायच्या. आणि एक दिवस ती पाळीच गेली. आता काय करायचं सांगा?”

“काय केलंत?” डॉक्टरांनी विचारलं.

“शिवला म्हणून सांगत राहिले. महिन्याच्या महिन्याला. कधी दोन दिवस पुढं, कधी मागं. अगदी नेमानं झालं असतं तर सासूबाईंना संशय आला असता.”

डॉ. मुल्लांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “आणि चोपन्नाव्या वर्षी?”

“सासूबाईंनी अंथरूण धरलं. त्यांना उठवायचं, बसवायचं, पुसायचं. शिवायचं नाही म्हणून कसं चालेल? मग गेली म्हणून सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, सुटलीस बाई.”

“आजी, या भागातल्या बायकांची पाळी उशिरा जाते असं आमची आकडेवारी सांगते,” डॉक्टर हसू आवरत म्हणाल्या. “मी परिषदेत त्यावर भाषण ठोकलंय. ज्वारीमुळे असावं, असं म्हटलं होतं.”

“ज्वारीमुळंच,” मालनबाई म्हणाल्या. “रोज तीस माणसांच्या भाकऱ्या थापून बघा.”

शलाका हसली नाही. तिच्या दंडातली कुपी, तिचं मैदान, तिची पुढची दहा वर्षं ज्या एका आकड्यावर उभी होती तो आकडा सासूला चकवण्यासाठी रचलेला होता. डॉक्टरही आता गंभीर झाल्या होत्या. “हे बरं झालं कळलं,” त्या म्हणाल्या. “सगळं पुन्हा मांडावं लागेल. मला आठवडाभर द्या.”

*

बाहेर रसवंतीच्या बाकावर दोघी बसल्या. मालनबाईंनी बर्फ न घालता रस मागितला.

“मी आजीशी भांडले होते,” शलाका म्हणाली. “कॉलेजातून सुट्टीला आले होते तेव्हा. आईला बाजूला बसवायचं नाही, हा अपमान आहे म्हणून. दोन दिवस जेवले नव्हते.”

“माहितेय की. काळजात धडकी भरली होती माझ्या. म्हटलं, ही पोरगी माझे चार दिवस घालवती आता.”

“तू म्हणालीस, राहू दे, मला चालतं. मला तुझी इतकी लाज वाटली होती, आई. माझी आई एवढी मिंधी कशी, म्हणून. इतकी वर्षं वाटत आलीय.”

“वाटू दे की. मला कुठं दिसत होती तुझी लाज? मी वाचनालयातली पुस्तकं वाचत पडलेली असायचे. पोटात दुखणं नाही, कंबर धरणं नाही. आधीची वर्षं सुट्टी नावाला होती. खरी सुट्टी पाळी गेल्यावर मिळाली.”

“मला सांगायचंस तरी.”

“तुझ्या तोंडात तीळ भिजत नव्हता. आजीसमोर भांडणात ओकून मोकळी झाली असतीस.”

हे खरं होतं. शलाकानं रसाचा घोट घेतला. “सरळ का नाही सांगितलंस, की मी दमलेय म्हणून?”

मालनबाईंनी लेकीकडे पाहिलं, जणू तिनं फारच पोरकट काहीतरी विचारलं होतं. “दमलेल्या बाईला कामचुकार म्हणायचे. विटाळशीला कुणी काही म्हणत नव्हतं. तिथं देव आडवा यायचा ना.”

शलाकाला राग आला, पण तो कुणावर काढावा हे कळेना. आजी जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि समोरची बाई तर चक्क खुशीत होती.

*

आठवड्यानं शलाका एकटीच गेली. पडद्यावर आता दोन म्हाताऱ्या शेजारीशेजारी चालत होत्या.

“या दोघी तुमच्याच,” डॉक्टर म्हणाल्या. “डावीकडची नवी कुपी घेणारी, उजवीकडची हळूहळू बंद करणारी. आईंचं खरं वय घातल्यावर चित्र बदललं. तुमची भरपाई पाचेक वर्षांपूर्वीच पुरी झालीय. तेव्हापासून वरचं चाललंय. आजवर त्यानं काही बिघडलेलं नाही, घाबरू नका. पण पुढची दहा वर्षं याच मात्रेवर काढली तर डावीकडच्या बाईला मेंदूत गुठळी व्हायचा धोका चढत जातो. फार नाही, पण मी दुर्लक्ष करणार नाही.”

“आणि उजवीकडची?”

“तिची हाडं थोडी मागे पडतात. ती तुम्ही पळून, वजनं उचलून आणि लागलंच तर वेगळ्या औषधानं सांभाळू शकता. मधला मार्गही आहे. कमी मात्रेची कुपी घ्यायची आणि दरवर्षी बघायचं.”

“मला एकच सांगा. मैदानावर किती वर्षं?”

डॉक्टरांनी बोटानं पडदा सरकवला. “दोघींची जवळजवळ सारखी. फरक सुरुवातीला आहे. उजवीकडचीचं पहिलं वर्ष वाईट जातं. झोप मोडेल, उकडेल, शब्द अडखळतील, चिडचिड होईल. आपण मात्रा हळूहळू उतरवू, त्यामुळे मागच्यासारखं नाही होणार. पण होईल. ते ओसरलं की ती पुन्हा ताळ्यावर येते.”

म्हणजे सगळं येऊन ठेपलं होतं एका वाईट वर्षावर. शलाका दोघींकडे पाहत राहिली. जुळीला भीती वाटत नव्हती, तिला पंचांच्या खोलीत जायचं नव्हतं. गुठळीचा धोका कागदावरचा होता आणि दूरचा. लोकांसमोर शब्द न सापडणं हे मात्र तिनं अनुभवलं होतं. कमी मात्रेची कुपी घेतली तर कुणाला काही सांगावं लागणार नव्हतं. घर शांत राहिलं असतं. दरवर्षी तिनं निर्णय पुढच्या वर्षावर ढकलला असता, कारण वाईट वर्ष तेव्हाही वाईटच असणार होतं.

तिला मागच्या खोलीत पुस्तक घेऊन पडलेली आई दिसली. त्या माउलीनं विसाव्यासाठी नऊ वर्षं खोटं अंगावर घेतलं, आणि आपण दहा वर्षं काय केलं? आपला त्रास कुणाला दिसू नये म्हणून दंडात तांदळाचा दाणा घालून हिंडलो. सुरुवातीला तो औषध होता, हे खरंच. पण शेवटची काही वर्षं तो नुसता पडदा होता, आणि पडद्यासाठी रक्त घट्ट करून घ्यायची तिची तयारी नव्हती.

“उजवीकडची,” ती म्हणाली. “मला भीती वाटतेय डॉक्टर, पण उजवीकडची.”

“अधेमधे कधीही मत बदला,” डॉक्टर म्हणाल्या. “जुळीला राग येत नाही.”

*

रविवारी दुपारी जेवणं झाली तशी शलाका ताटावरच बसून राहिली.

“मला सांगायचंय,” ती म्हणाली. “मी कुपी बंद करतेय. हळूहळू. वर्षभर मला त्रास होणार आहे. मी रात्री उठेन, दिवसा पेंगेन. चिडेन. कधी शब्द विसरेन, तेव्हा मध्येच तोंडात शब्द घालू नका, मला वेळ द्या. सकाळचं सगळं मला झेपणार नाही. ते मला कुणीतरी करून हवंय.”

नंदनचा हात सवयीनं फोनकडे गेला. शलाकानं तो फोन उचलला, पातळी दाखवणारं चित्र पुसून टाकलं आणि फोन परत ठेवला.

“अगं, मग मला कळणार कसं?”

“विचारायचं. आणि मी सांगेन ते खरं मानायचं.”

नंदनला भीती वाटत होती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दहा वर्षांपूर्वीचे ते तीन महिने त्यानंही पाहिले होते. “बरं,” तो अखेर म्हणाला. “सकाळचा चहा-नाश्ता, डबे माझ्याकडे. पोळ्या मात्र विकतच्या येतील. आणि मैदानाचं काय?”

“संघटनेत फोन केला होता. म्हटलं, वर्षभर मला फक्त सकाळचे सामने द्या, आणि एक राखीव पंच सोबत ठेवा. का म्हणून विचारलं, मी सांगितलं. सचिव म्हणाले, ठीक आहे ताई, मांडून ठेवतो. मी अर्धा तास बोलायची तयारी करून बसले होते.”

नंदन हसला. मालनबाई हसल्या नाहीत. त्या मघापासून जावयाकडे पाहत होत्या.

“एवढंच?” त्या म्हणाल्या.

“काय एवढंच, आई?” नंदननं विचारलं.

“हिनं सांगितलं, तुम्ही बरं म्हणालात. संपलं?”

नंदननं होकारार्थी मान हलवली. मालनबाईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. दवाखान्यात ज्या गोष्टीनं डॉक्टरला रडेपर्यंत हसवलं होतं, तीच गोष्ट आता त्यांना रडवू पाहत होती. “नऊ वर्षं मी कावळे मोजत बसले गं,” त्या म्हणाल्या. “पुढं-मागं, पुढं-मागं. कुणी बघेल म्हणून कोरडी फडकी धुऊन दोरीवर वाळत घालायचे.”

शलाका उठून त्यांच्याजवळ गेली. “तेव्हा कुणी ऐकलं नसतं, आई.”

“नसतंच ऐकलं. पण मी एकदाही तोंड उघडलं नाही. तुझा बाप काही वाईट माणूस नव्हता. त्याला विचारलं असतं तर काय म्हणाला असता, ते आता कळायचं नाही मला.”

त्यांनी पदरानं डोळे पुसले. शलाकाचे डोळेही भरून आले होते आणि त्याला कुपीचं कारण नव्हतं. नंदननं गुपचूप पाण्याचा तांब्या जवळ सरकवला.

मालनबाई पाणी प्यायल्या. मग ताट तसंच ठेवून, भिंतीला हात टेकत उठल्या. रोज जेवणं झाली की मागचं आवरणं, उरलंसुरलं झाकणं हे काम त्या या वयातही कुणाला करू देत नसत. आज त्या जागेवर उभ्या राहिल्या, आणि शाळेत पहिल्यांदा उभं राहून बोलणाऱ्या पोरीसारख्या एकदा लेकीकडे, एकदा जावयाकडे बघत म्हणाल्या, “आज मी आवरणार नाही. मला काही झालेलं नाही. दमलेय मी, म्हणून.”

“बरं, आई,” नंदन म्हणाला आणि ताटं उचलायला लागला.

मालनबाई आत जाऊन पडल्या. दुपारभर त्यांना कुणी उठवलं नाही.